मोमेंटिव्हची दिवाळखोरी आणि व्याजदराचा वाद : पार्श्वभूमी

मोमेंटिव्ह परफॉर्मन्स मटेरिअल्स या अमेरिकी रसायन कंपनीचे नाव २००६ च्या अखेरीस जन्माला आले असले, तरी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरफर्ड येथील तिचा सिलिकोनचा कारखाना १९४७ पासून चालू आहे. तो जनरल इलेक्ट्रिकने उभारला. तत्पूर्वी १९४० साली त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत सिलिकॉन धातूची पूड आणि मिथाइल क्लोराइड वायू तांब्याच्या उत्प्रेरकावर सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाला एकत्र आणण्याची रीत सापडली होती. आजही जगभरातील सिलिकोन उद्योग याच रीतीवर उभा आहे. खिडकीच्या फटीत भरायचे सीलंट, शाम्पूतला गुळगुळीतपणा आणि उष्णतेत न वितळणारे रबर या साऱ्यांचा उगम तिथेच आहे. (मराठीत मूलद्रव्य आणि त्यापासून बनणारा हा पदार्थ अशा दोहोंना सर्रास ‘सिलिकॉन’ म्हटले जाते. येथे पदार्थासाठी ‘सिलिकोन’ हे रूप वापरले आहे.) पुढे जपान आणि जर्मनीतील भागीदाऱ्या जोडल्या गेल्या, २००३ मध्ये सिलेन रसायनांचा एक मोठा व्यवसाय आला, आणि क्वार्ट्‌झचा विभागही सोबतीला होता.

२००६ मध्ये हा सारा पसारा एका खासगी गुंतवणूक संस्थेने सुमारे ३.८ अब्ज डॉलरना विकत घेतला. अशा व्यवहारांच्या प्रथेप्रमाणे या रकमेचा मोठा भाग कर्जाऊ होता, आणि ते कर्ज खरेदीदाराच्या नव्हे तर खुद्द कंपनीच्या खतावणीत बसले. लगेच २००८ ची मंदी आली, बांधकाम आणि मोटार उद्योगांची मागणी आटली, आणि २००९ च्या सुरुवातीला वॉटरफर्डमधील उत्पादन विभागाच्या अनेक कामगारांच्या वेतनात मोठी कपात झाली. भट्ट्या चालू होत्या, मालाला गिऱ्हाईकही होते, पण कमाई व्याजात जात होती. १३ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा कर्ज ३ अब्ज डॉलरच्या वर गेलेले होते.

या प्रकरणाचे नाव कायद्याच्या वर्तुळात आजही निघते ते एका निर्णयामुळे. कंपनीच्या तारणी रोख्यांचे दोन वरचे गट होते : पहिल्या गटाचे १.१ अब्ज डॉलर ८.८७५ टक्क्यांनी, तर त्याखालच्या गटाचे २५ कोटी डॉलर १० टक्क्यांनी. त्यांच्यापुढे पुनर्रचना योजनेने दोन पर्याय ठेवले. योजनेला होकार दिल्यास मुद्दल आणि साचलेले व्याज रोखीने मिळेल, पण मुदतीआधी परतफेड झाल्याबद्दलची ‘मेक-होल’ भरपाई सोडावी लागेल. ही भरपाई सुमारे २० कोटी डॉलरची होती. नकार दिल्यास रोखीऐवजी नवे रोखे मिळतील, आणि त्यांचा व्याजदर न्यायालय ठरवील. दोन्ही गटांनी नकार दिला.

मग हा दर ठरवायचा कसा? दिवाळखोरी न्यायालयाने आधार घेतला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालाचा. इंडियाना राज्यातील एका जोडप्याने ६,३९५ डॉलरला जुना ट्रक २१ टक्के व्याजाने घेतला होता आणि पुढे ते हप्ते फेडू शकले नव्हते. तेव्हा बँकांचा ८ टक्क्यांचा मूळ दर आणि जोखमीपोटी दीड टक्का, असा ९.५ टक्के दर पुरेसा मानला गेला. त्या निकालालाही बहुमताचे एकच निकालपत्र नव्हते, न्यायमूर्ती विभागलेले होते. हेच सूत्र अब्जावधींच्या रोख्यांना लावून, सरकारी रोख्यांच्या दरात थोडी भर घालून, नव्या रोख्यांचा दर ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास ठरला. बाजारातून असेच कर्ज उभारायचे झाले असते, तर ५ ते ६ टक्के वा त्याहूनही अधिक मोजावे लागले असते, अशी तज्ज्ञांची साक्ष रोखेधारकांनी दिली होती.

ट्रकच्या निकालातील एक तळटीप या संदर्भात फार महत्त्वाची आहे. व्यक्तीच्या दिवाळखोरीत तिला कर्ज द्यायला उत्सुक असा बाजारच नसतो, म्हणून सूत्र लागते. कंपनीच्या दिवाळखोरीत मात्र असा बाजार असू शकतो, आणि तिथे बाजाराचा दर पाहणे सयुक्तिक ठरेल, असे ती सुचवते. ही तळटीप बाजूला ठेवून सूत्र लावणे, हे माझ्या मते चुकीचेच होते, कारण ज्याचे पैसे अडकले त्यालाच त्यामुळे बाजारभावापेक्षा स्वस्तात पुन्हा कर्ज द्यायला भाग पाडले गेले. कंपनी २४ ऑक्टोबर २०१४ रोजी दिवाळखोरीतून बाहेरही पडली. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये अपील न्यायालयाने व्याजदराबाबत रोखेधारकांचे म्हणणे मान्य केले : कार्यक्षम बाजार असेल तर त्याचा दर, नसेल तरच सूत्र. मेक-होल भरपाई मात्र नाकारली, कारण दिवाळखोरीमुळे रोखे आपोआप देय झाले होते आणि त्यानंतरच्या परतफेडीला मुदतपूर्व म्हणता येत नाही. वेगळ्या विभागातील एका अपील न्यायालयाने आदल्याच वर्षी, एका वीज कंपनीच्या प्रकरणात, याच मुद्द्यावर नेमका उलटा कौल दिला होता.

हा वाद अपिलात असतानाच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, सुमारे ७०० कामगार संपावर गेले. मुद्दे होते आरोग्य विमा आणि निवृत्तीनंतरचे लाभ. वॉटरफर्डच्या फाटकाबाहेरचा हा संप ऐन हिवाळ्यात १०५ दिवस चालला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये मिटला. रोख्यांच्या निकालांवर जितके लिहिले गेले, त्याच्या पासंगालाही या संपाविषयी लिहिले गेले नाही, आणि ही उणीव ठळकपणे नोंदवली पाहिजे.

मे २०१९ मध्ये दक्षिण कोरियातील भागीदारांच्या गटाने कंपनी विकत घेतली आणि क्वार्ट्‌झचा व्यवसाय पुढे त्यातल्याच एका भागीदाराकडे वेगळा गेला. डोक्यावरच्या कर्जासह या व्यवहाराची किंमत धरली गेली ती सुमारे ३.१ अब्ज डॉलर, म्हणजे २००६ च्या किमतीपेक्षा जवळपास ७० कोटी डॉलरनी कमी.