ओटी टेस्टमध्ये न दिसणारं

पावसाळ्यात जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडरचं, म्हणजे क्लोरीनवाल्या ब्लीचिंग पावडरचं, निवळलेलं द्रावण ओततो, मग नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचला, नोंदवहीत सही. क्लोरीनची वाटेत आणखी कशाशी गाठ पडली, ते या पिवळ्या रंगात दिसत नाही. 1908 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीला डॉ. जॉन लील यांनी शहराच्या पाण्यात कायमचा क्लोरीन सुरू केला, तोही ब्लीचिंग पावडरचाच. तिथपासून सहासष्ट वर्षं ही भानगड जवळजवळ कुणाच्या लक्षात आली नाही.

ती पकडली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी. गडी आधी बिअरच्या धंद्यातला. बिअरचा वास तपासायची पद्धत त्यांनी पाण्याला लावली: बाटली बंद करायची, पाण्यावरच्या मोकळ्या जागेतली हवा ओढून यंत्रात सोडायची. क्लोरीन दिलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म आणि त्याची तीन ब्रोमीनवाली भावंडं सापडली. आधी वाटेल, कुठल्यातरी कारखान्याचं सांडपाणी असणार. पण क्लोरीन देण्याआधीच्या पाण्याशी ताडून पाहिल्यावर उलगडलं की हे जलशुद्धीकरण केंद्रातच तयार होतंय. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून उतरणारी ह्युमिक द्रव्यं, ज्यांनी पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो, ती क्लोरीनला भेटली की हे घडतं. 1974 मध्ये रूक यांनी ते छापलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतले संशोधकही स्वतंत्रपणे तिथेच पोचले.

1976 मध्ये क्लोरोफॉर्ममुळे प्रयोगशाळेतल्या उंदरांना कर्करोग झाल्याचा अहवाल आला आणि 1979 मध्ये अमेरिकेने या चौघांच्या बेरजेवर लिटरला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. 1998 च्या नियमांत ती 80 वर आली, क्लोरीनमुळेच तयार होणाऱ्या हॅलोअसेटिक आम्लांनाही 60 ची मर्यादा लागली. त्या प्राण्यांना दिलेले डोस मात्र नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट होते. माणसांत वर्षानुवर्षं असं पाणी वापरणं आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध बऱ्याच पाहण्यांत दिसतो, पण नेमकं कुठलं द्रव्य जबाबदार, ते ठरलेलं नाही. आणि हे नुसतं पिण्यातून नाही, गरम पाण्याच्या आंघोळीत वाफेवाटेही अंगात जातं.

आपल्या आयएस 10500 मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, गंमत आहे. क्लोरोफॉर्म लिटरला जास्तीत जास्त 0.2 मिलिग्रॅम, आणि नळाला उरलेला क्लोरीन कमीत कमी 0.2 मिलिग्रॅम! दोन्ही पाळायचे तर तुरटी फिरवून, गाळून पाचोळ्याचा अंश आधी काढायचा आणि क्लोरीन शेवटी द्यायचा. गढूळ पाण्यातच डोस वाढवत नेला तर उलटंच होतं.

ॲमस्टरडॅमने 1983 पासून नळाच्या पाण्यातला क्लोरीन बंदच केला. तिथे नळ चोवीस तास दाबाखाली असतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाणी दोन तास येतं, उरलेला वेळ पाइप रिकामा, आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचं पाणी त्यात झिरपू शकतं. अशा ठिकाणी टीसीएलला सुट्टी देऊन चालणार नाही.