‘पुण्यापेक्षा’ आणि ‘पुण्याच्यापेक्षा’

‘द समर ऑफ सोलापूर इज हॉटर दॅन पुणे.’ सोलापुरातल्या शिकवणीच्या फळ्यावर हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. उन्हाळ्याची तुलना चाललीय आणि ‘दॅन’पुढे उभं आहे अख्खं पुणे शहर. दुरुस्ती दोन शब्दांची: ‘दॅन दॅट ऑफ पुणे’.

इंग्रजीत ‘दॅन’ आणि ‘देन’ मुळात एकच शब्द. त्यांचं स्पेलिंग वेगळं झालं ते साधारण 1700च्या सुमाराला. 1762 साली लंडनमध्ये छापलेल्या एका गाजलेल्या व्याकरणाने सांगितलं की ‘दॅन’नंतर ‘आय’ (I) घ्यायचं की ‘मी’ (me), हे पुढच्या अध्याहृत क्रियापदावरून ठरवावं. म्हणजे ‘दॅन’च्या पलीकडे एक अख्खं वाक्य दडलेलं असतं. तर्कशुद्ध तुलनेचा आग्रह याच समजुतीवर उभा आहे.

आपल्याकडे मात्र हा विषय पोचला तो ‘डिग्री बदला’ म्हणून. ‘नो अदर’, ‘व्हेरी फ्यू’, ‘दॅन एनी अदर’ हे साचे पाठ करायचे आणि मार्क घ्यायचे. त्यातला ‘अदर’ कशाला, हे क्वचितच कुणी सांगितलं. ‘तो वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच’ हे मराठीत बिनधास्त चालतं. इंग्रजीत ‘अदर’ गाळला की तो मुलगा स्वतःपेक्षाही उंच ठरतो.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. या निर्णयावर तेव्हा खूप वाद झाला आणि तो सगळा मुलांच्या वयाभोवती फिरला. वाक्य समजावताना घरच्या भाषेचा आधार घ्यायचा की नाही, हा माझ्या मते जास्त महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच राहिला.

कारण ‘दॅट ऑफ’ आपल्या तोंडात आधीपासून आहे. ‘आमच्याकडचं ऊन पुण्याच्यापेक्षा कडक,’ असं आपण सहज म्हणतो. त्या ‘-च्या’त ऊन शिल्लक असतं, नुसत्या ‘पुण्यापेक्षा’त ते गळतं. बोलताना ऐकणारा ते भरून घेतो, म्हणून दोन्ही खपतात. इंग्रजी लिखाणात ही सवलत नाही. शिवाय मराठीचं ‘पेक्षा’, कन्नडचं ‘गिंत’, तेलुगूचं ‘कंटे’ हे तिन्ही नामाच्या मागून येतात. या शहरात एकाच बाकावर तिन्ही भाषांची मुलं बसतात आणि नामाच्या आधी येणारा ‘दॅन’ तिघांनाही उलटाच वाटतो.

फळ्यावर ‘पुण्याच्यापेक्षा’ लिहून ‘-च्या’भोवती गोल काढला आणि तिथून ‘दॅट ऑफ’कडे बाण नेला, की पोरं पुढचं वाक्य स्वतः करतात. ‘द टॉवेल्स ऑफ सोलापूर’ असेल तर ‘दोज ऑफ’ घ्यायचं, हेही त्यांना न सांगता सुचतं.

परदेशी व्यवस्थापन प्रवेशासाठीच्या जीमॅटमध्ये अशा तुलनांवर हमखास प्रश्न असत. 2023च्या नव्या स्वरूपात वाक्यदुरुस्तीचा तो भागच काढला गेला. इथल्या बँक भरतीच्या चुका शोधायच्या प्रश्नांत मात्र ‘दॅट ऑफ’ अजून भेटतो.