स्वस्त क्लाउड सर्व्हर: ‘व्हीसीपीयू’ म्हणजे नेमकं किती?

2013 पूर्वी स्वस्त व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा आभासी तुकडा) म्हटलं की बहुधा ओपनव्हीझेड असायचं. एकच लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), त्यावर डझनावारी कंटेनर (ग्राहकांचे वेगवेगळे कप्पे), आणि मशीनमध्ये असेल त्याहून जास्त मेमरी विकायची मुभा. तासाच्या हिशेबाने भाडं घेणारी सेवा 2006 मध्येच आली होती. पण तासाला 10 सेंट म्हणजे महिनाभर चालू ठेवलं तर 72 डॉलर. 2007 मध्ये केव्हीएम (प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र आभासी मशीन देणारं तंत्र) लिनक्स कर्नलमध्ये आलं, एसएसडी स्वस्त झाल्या, आणि 2013 मध्ये महिना 5 डॉलरात 512 एमबी मेमरी आणि 20 जीबी एसएसडी मिळू लागली.

खरा घोळ प्रोसेसरच्या मापाचा. 2006 च्या त्या सेवेचं माप निदान त्या काळातल्या ठरावीक प्रोसेसरशी बांधलेलं होतं. पुढे ते मागे पडून ‘व्हीसीपीयू’, म्हणजे आभासी प्रोसेसर, आला. तो बहुतेक ठिकाणी अख्खा कोअर (प्रोसेसरमधला एक स्वतंत्र गणना-भाग) नसतो, कोअरचा एक थ्रेड (त्यावर एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांपैकी एक) असतो. स्वस्त प्लॅनमध्ये तर त्या थ्रेडवरही इतर ग्राहक असतात. दरपत्रकात मात्र दोन्हीकडे ‘1 व्हीसीपीयू’ एवढंच छापलेलं.

2014 मध्ये यात क्रेडिटची भर पडली. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण ताकदीने. तेव्हाच्या सर्वांत लहान मशीनला तासाला 6 क्रेडिट मिळत, म्हणजे कायमचा हक्क फक्त 10 टक्क्यांचा. नवं मशीन सुरुवातीला मिळालेल्या क्रेडिटवर सुसाट पळतं, चाचणी झकास होते. मग खरी गर्दी येते, साठा संपतो, पान उघडायला जीव जातो आणि बोल कोडला लागतो. हा 10 टक्क्यांचा आकडा दराशेजारीच ठळक छापायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रेडिट नसलेल्या सामायिक मशीनवर दुखणं वेगळं दिसतं. ‘टॉप’ ही लिनक्सची कमांड चालवा आणि सीपीयूच्या ओळीत शेवटचा ‘एसटी’ पाहा: आपल्याला हवा असताना दुसऱ्याकडे गेलेला प्रोसेसरचा वेळ, टक्क्यांत. तो 0.3 असेल तर ठीक. ऐन गर्दीत 15-20 वर अडून बसला तर डेटाबेसच्या क्वेरी सुधारण्यात रात्री घालवू नका, मशीन बदला.

अलीकडे खर्चाची नवी वाट फुटली आहे ती आयपीव्ही4 पत्त्यांची, म्हणजे इंटरनेटवर मशीन ओळखणाऱ्या जुन्या पद्धतीच्या क्रमांकांची. फेब्रुवारी 2024 पासून एका मोठ्या सेवेने प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट लावला. तिच्याच सर्वांत लहान आर्म (मोबाइलमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरच्या) मशीनचं भाडं तासाला 0.42 सेंट आहे.