आधी ठसा की आधी भोक?

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी स्नायपर रायफल ‘एम१९०३ए४’ म्हणून कुणी समोर ठेवली आणि तिच्या लोखंडावर ‘ए४’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती खुशाल परत करावी. रेमिंग्टननं १९४३-४४ मध्ये या रायफली बनवल्या, पण त्यांच्यावर नाव ठोकलं ते साध्या शिपायाच्या रायफलीचंच, ‘०३-ए३’. फरक होता तो जागेचा. साध्या रायफलीवर हा मजकूर मधोमध असतो. तिथं दुर्बिणीची बैठक बसवली की तो झाकला जातो. म्हणून कारखान्यानं स्नायपरसाठी मजकुराची फाळणी केली. नाव एका बाजूला, नंबर दुसऱ्या बाजूला. नंतर कुणी साध्या रायफलीला भोकं पाडून बैठक चढवली असेल, तर अक्षरं तिच्याखाली अर्धवट दडलेली सापडतात.

नवखा संग्राहक पहिल्यांदा विचारतो, ‘रायफलीचे आणि दुर्बिणीचे नंबर जुळतात ना?’ जुळतात हो, पण आकडे ठोकायचे पंच आणि हातोडी कुणालाही मिळते. आधी काय झालं आणि नंतर काय, हा क्रम बनावट करणं मात्र फार जड जातं.

ब्रिटिशांची ‘नंबर ४ मार्क १ (टी)’ घ्या. कारखान्यात नेम चांगला लागलेल्या रायफली निवडून बाजूला काढत. त्यांतल्या बऱ्याच रायफलींवर दस्ता जिथं बसतो त्या लोखंडी खोबणीच्या डाव्या अंगाला ‘टीआर’ ठोकलेलं असतं. १९४२ पासून त्या लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जाऊ लागल्या. एरवी उमरावांच्या शिकारी बंदुका घडवणारे हे कारागीर. त्यांनी दुर्बिणीचे आधार बसवले, ‘टी’ ठोकला आणि दस्त्याखाली आपला सांकेतिक क्रमांक ‘एस५१’ उमटवला. रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर, दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागावर. दुर्बीण बदलली की जुना आकडा खोडून शेजारी नवा ठोकत. त्यामुळे खोडलेला आकडा दिसला की मला उलट बरंच वाटतं. नकली माल बनवणारा सहसा स्वच्छ काम करतो. ‘टीआर’ नाही म्हणून मात्र लगेच नाक मुरडू नये. सुरुवातीच्या अस्सल रायफलींवरही तो नसतो.

आता भिंग घ्या. पंच आदळला की पोलाद नाहीसं होत नाही, बाजूला ढकललं जातं आणि अक्षराच्या कडेला बारीक वरंबा उठतो. फिरत्या पात्यानं कोरलेल्या अक्षरात धातू खरवडून निघालेला असतो. तिथं असा वरंबा नसतो, तळाशी पात्याच्या फेऱ्यांच्या रेघा दिसतात. पृष्ठभागावरचा काळा मुलामा अक्षराच्या तळापर्यंत एकसारखा उतरला असेल, तर ठसा मुलाम्याआधीचा. तळाशी मुलामा तडकलेला किंवा धातू उघडा पडलेला दिसला, तर तो नंतरचा.

घासून काढलेला नंबरही पुरता जात नाही. ठोक्यानं अक्षराच्या तळाखालचे धातूचे स्फटिकही दबून विस्कटतात. कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण अशा दबलेल्या भागावर वेगळ्या गतीनं काम करतं आणि गुळगुळीत पोलादावर पुसट आकडा वर येतो. गुन्हे अन्वेषणाच्या प्रयोगशाळा हे नेहमी करतात. जुन्या वस्तूवर घरी करायचं काम नव्हे हे. आम्लानं मुलामाही जातो आणि किंमतही.

मला सगळ्यात आवडते ती परीक्षा लाकडाची, कारण तिला दोन स्क्रू आणि एक दिवा पुरतो. या ब्रिटिश रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकायला एक लाकडी ठोकळा असतो. तो सोडवून खालचं लाकूड पाहायचं. ठोकळा पहिल्यापासून तिथं असेल, तर त्याच्या आकाराचा फिकट डाग दिसतो. उजेड, हातांचा मळ आणि जवसाचं तेल तिथं फारसं पोचलेलंच नसतं. उलट, तिथंही आजूबाजूइतकाच काळसरपणा आणि ओरखडे असले, तर ठोकळा मागाहून चढवला. लष्करी दुरुस्तीत दस्ता बदलला असेल तर ही परीक्षा निकामी ठरते, हे लक्षात ठेवायचं.

सोव्हिएत ‘मोसिन-नागांत’ रायफलीची गोष्ट जरा अवघड. युद्धानंतर कित्येक स्नायपर रायफलींच्या दुर्बिणी काढल्या गेल्या, भोकं बुजवली आणि गोळी भरताना मागेपुढे सरकवायच्या बोल्टचा खाली वळवलेला दांडा काढून सरळ दांडा बसवला. पुढे व्यापाऱ्यांनी तीच भोकं पुन्हा उघडून दुसऱ्या दुर्बिणी जोडल्या. बुजवलेल्या भोकाचा गोल कडा भिंगाखाली, किंवा आतल्या अंगाला, बहुधा सापडतोच. अशी रायफल खरोखर स्नायपरची असते, दुर्बीणही कधीकधी युद्धकाळातली असते, पण त्या दोघींची गाठ दुकानात पडलेली असते. मी तिला नकली म्हणणार नाही. ‘नंबर जुळतात’ असं कुणी सांगितलं, तर दुर्बिणीचा तो नंबर पोलादात कधी उमटला, एवढं भिंगातून पाहीन.