एंडोथेलिन आणि उच्च रक्तदाबातील मूत्रपिंडकार्य

रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. वाहिनीने किती आवळायचे आणि किती सैल व्हायचे, हे ठरवणारी रसायने हा थर सतत स्रवतो. नायट्रिक ऑक्साइड वाहिनी सैल करते, एंडोथेलिन-१ ती आवळते. २१ अमिनो आम्लांचे हे दुसरे रसायन १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा व सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीतील पेशींपासून वेगळे केले. ते रक्तात थोडेच उतरते. बहुतांश शेजारच्या पेशींवरच काम करते. म्हणून रक्तातील त्याच्या पातळीवरून मूत्रपिंडात काय चालले आहे हे कळेलच असे नाही.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ ९९ टक्के परत शोषून घेतात. या शोषणात जरासा फरक पडला, तरी शरीरातले मीठ-पाणी आणि त्यामागोमाग रक्तदाब बदलतो. गाळण होते ती केशवाहिन्यांच्या गुच्छात. गुच्छात रक्त आणणारी एक धमनिका असते आणि बाहेर नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन-२ हे वाहिन्या आवळणारे शरीरातलेच संप्रेरक मुख्यतः दुसरी आवळते. वाहत्या नळीचे पुढचे टोक बोटाने दाबावे तसा गुच्छातला दाब वाढतो व गाळण टिकून राहते. पण हाच दाब वर्षानुवर्षे राहिला तर गुच्छ निबर होतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. अँजिओटेन्सिन रोखणारी औषधे सुरू केल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून काढतात तो टाकाऊ पदार्थ) रक्तात थोडे वाढते ते गुच्छातला दाब उतरल्यामुळे. पहिल्या काही आठवड्यांतली ३० टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे चालवून घेतली जाते. पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवावे लागते.

अँजिओटेन्सिनमुळे एंडोथेलिनची निर्मितीही वाढते, आणि उच्च रक्तदाबात नायट्रिक ऑक्साइड कमी पडत असल्याने आवळणाऱ्या बाजूचे पारडे जड होते. पण एंडोथेलिनला निव्वळ खलनायक ठरवणे चुकीचे आहे. त्याचे ग्राही, म्हणजे पेशींवरील ज्या रेणूंना चिकटून ते काम करते ते, दोन प्रकारचे आहेत. वाहिन्यांच्या स्नायूंवरील ‘ए’ ग्राहीमुळे वाहिन्या आकुंचन पावतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि कालांतराने तंतुमय ऊती वाढते. मूत्रपिंडाच्या आतल्या भागातील संग्राहक नलिकांमध्ये ‘बी’ ग्राही भरपूर असतात. तेथे एंडोथेलिन सोडियमचे पुनःशोषण रोखते, म्हणजे मीठ बाहेर टाकायला मदत करते. फक्त या नलिकांमधील एंडोथेलिन-१ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढतो आणि खारट आहारावर तो आणखी चढतो. रक्तदाब वाढवण्यासाठी प्रसिद्ध असलेले रसायन काढून घेतल्यावर रक्तदाब वाढावा, हा या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग म्हणावा लागेल.

औषधांची मोठी अडचणही मीठ-पाण्याचीच आहे. एंडोथेलिनचे ग्राही अडवले की रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने कमी होतात, पण शरीरात पाणी साठून पाय सुजू शकतात; हृदय कमकुवत असलेल्यांना हे जड जाते. दोन्ही ग्राही अडवणाऱ्या अ‍ॅप्रोसिटेंटनला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ती इतर औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या रक्तदाबासाठी व त्या औषधांच्या जोडीने. केवळ ‘ए’ ग्राही अडवणारे झिबोटेंटन, लघवीवाटे साखर व मीठ बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसोबत देऊन सूज टाळता येते का, हेही तपासले गेले आहे. गर्भाला गंभीर धोका असल्याने या गटातील औषधे गरोदरपणात वर्ज्य आहेत.