कागदावर लिहा, चौकोनात खूण करा

पेन जाडजूड होतं. टोपण काढलं की चालू, लावलं की बंद. आत नेहमीची बॉलपेनची कांडी आणि तिच्या शेजारी एक इवलासा कॅमेरा. कागद मात्र नेहमीचा नव्हे. लांबून करडट दिसणारा, डोळ्याजवळ धरला तर बारीक ठिपक्यांनी भरलेला. त्यावर चार ओळी खरडायच्या, वाटलं तर बाजूला एखादं वेडंवाकडं फूल काढायचं आणि पानावर छापलेल्या ‘पाठवा’च्या चौकोनात बरोबरची खूण करायची. पेन ब्लूटूथने खिशातल्या मोबाइलला गाठायचं, मोबाइल नेटवर्कला, आणि आपलं अक्षर जसंच्या तसं दुसऱ्याच्या पडद्यावर. २००२ साली सोनी एरिक्सनने ‘चॅटपेन’ आणलं ते असं. पुढच्याच वर्षी नोकियाचंही डिजिटल पेन आलं.

या पेनाकडे आज गमतीची वस्तू म्हणून पाहिलं जातं. पण त्यामागची खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे.

दूरवर हस्ताक्षर पाठवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे लिहून झालेल्या कागदाचं चित्र पाठवायचं. इटलीच्या जोव्हान्नी कासेल्लीचं ‘पँटेलेग्राफ’ यंत्र हेच करत होतं आणि १८६५ साली पॅरिस ते लिऑन अशी त्याची सेवाही सुरू झाली होती. फॅक्सचा हा पूर्वज, तोही टेलिफोनच्या आधीचा. दुसरा मार्ग म्हणजे चित्राच्या भानगडीत न पडता लिहिणाऱ्या हाताची हालचालच पाठवायची. पेन कुठून कुठे गेलं, कधी उचललं, कधी टेकलं एवढंच. तो अमेरिकेच्या एलिशा ग्रेचा.

ग्रे हा टेलिफोनच्या गोष्टीत हरलेला माणूस म्हणून येतो. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेलचा अर्ज आणि ग्रेची पूर्वसूचना (पुढे अर्ज करणार असल्याची नोंद) एकाच दिवशी पेटंट कार्यालयात पोचली, आणि पुढचं सगळं श्रेय बेलला गेलं. बारा वर्षांनी, १८८८ साली, ग्रेने ‘टेलऑटोग्राफ’चं पेटंट मिळवलं. पाठवणाऱ्याच्या लेखणीला दोऱ्या बांधलेल्या. लेखणी आडवी-उभी सरकली की त्या हालचालीचं विजेच्या संकेतांत रूपांतर होई आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला एक लेखणी आपली आपण तशीच फिरे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी हे पाहिलं. कुणीही हातात न धरलेली लेखणी सही करते आहे, हे दृश्य तेव्हा भुताटकीसारखंच वाटलं असणार. पुढे बँका, हॉटेलं अशा ठिकाणी ही यंत्रं बरीच वर्षं वापरात राहिली, कारण तिथे बोललेल्या शब्दापेक्षा लिहिलेल्याला आणि सहीला किंमत होती.

ग्रेच्या यंत्रात लेखणी दोऱ्यांनी बांधलेली असल्यामुळे ती कुठे आहे हे यंत्राला कळायचं. मोकळ्या हातातल्या, साध्या कागदावर फिरणाऱ्या पेनाचं काय? १९६० च्या दशकातल्या रँड टॅब्लेटपासून संगणकाच्या जगाने पेनाखाली पाटी ठेवून प्रश्न सोडवला. पाटीलाच कळे की टोक कुठे आहे. काहींनी कागदाच्या वरच्या कडेला चिमट्यासारखं, संकेत टिपणारं छोटं यंत्र लावलं. पेनातून एकाच वेळी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाची चमक आणि कानाला न ऐकू येणारा आवाज सुटतो. प्रकाश तत्क्षणी पोचतो, आवाज मागून येतो. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजून ती किती लांब पडली हे आपण ओळखतो, तोच हिशेब, फक्त काही सेंटिमीटरांवर.

स्वीडनमधल्या लुंडच्या अनोटो कंपनीने हे सगळं उलटं केलं. पेनाला जागा दाखवायचं काम त्यांनी कागदालाच दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतली खरी हुशारी इथे आहे. कागदावर साधारण ०.३ मिलिमीटर अंतराची अदृश्य जाळी आहे असं समजा. तिच्या प्रत्येक छेदापाशी एक ठिपका, पण तो नेमका छेदावर नाही: किंचित वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला. एका ठिपक्याच्या चार शक्यता. सहा गुणिले सहा ठिपक्यांचा, म्हणजे दोन मिलिमीटरही न भरणारा तुकडा पाहिला की त्यातली रचना दुसरीकडे कुठेही सापडत नाही. कंपनीच्या म्हणण्यानुसार हा नमुना एकही तुकडा पुन्हा न येता सुमारे ६ कोटी चौरस किलोमीटर पसरता येतो. भारताचं क्षेत्रफळ ३३ लाखांच्या आसपास आहे, तेव्हा अंदाज करा.

पेनातला कॅमेरा सेकंदाला सत्तरेक वेळा हे ठिपके टिपतो आणि आपण या अफाट नकाशावर कुठे आहोत ते ओळखतो. मग आपण लिहिलेल्या शाईखाली ठिपके झाकले जात नाहीत का? नाही. ठिपके कार्बन असलेल्या काळ्या शाईचे, ते अवरक्त प्रकाश शोषतात. पेनातल्या शाईत कार्बन नसतो, म्हणून आपल्याला दिसणारं अक्षर कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्याला फक्त ठिपके दिसतात.

नकाशाचा प्रत्येक भाग वेगळा असल्यामुळे कोणता तुकडा कोणाला द्यायचा हेही ठरवता येत होतं. हा पट्टा अमक्या वहीचा, तो तमक्या अर्जाचा. चौकोनात खूण केली की आधी सर्व्हरला विचारलं जाई, हा कागद कोणाचा? उत्तर येईल तिकडे मजकूर रवाना. पत्त्यासकट छापलेलं आंतर्देशीय पत्रच म्हणा ना.

मग हे चाललं का नाही? किंमत हे एक कारण: २००२ मधलंच लॉजिटेकचं पेन, तेही संगणकाला जोडायचं, १९९ डॉलरला होतं. वर खास कागद. वही संपली की पेन मुकं. पण मला मोठं कारण त्याच वर्षीच्या दुसऱ्या वस्तूत दिसतं. २००२ मध्ये एमएमएस, म्हणजे मोबाइलवरून चित्र पाठवायची सेवा, सुरू होत होती, नोकियाचा ७६५० हा कॅमेरावाला फोन बाजारात आला, आणि सोनी एरिक्सननेही आपल्या टी६८आय फोनला खाली अडकवायचा छोटा कॅमेरा विकायला काढला. एकाच दुकानात हालचाल पाठवणारं पेनही आणि चित्र पाठवणारा कॅमेराही. सुरुवातीच्या त्या कॅमेऱ्यांतून लिहिलेलं पान वाचता येत नव्हतं, म्हणून पेनाला थोडा अवधी मिळाला. कॅमेरे सुधारले आणि कासेल्लीच्या मार्गाने ग्रेच्या मार्गाला मागे टाकलं.

मराठी माणसाच्या बाजूने पाहिलं तर मात्र हुरहूर लागते. तेव्हाचे आपले एसएमएस आठवा: ‘mi nighalo, jevan karun ghe’ हे त्यांचं रूप. देवनागरीत पाठवायचं तर १६० ऐवजी ७० अक्षरांतच एक संदेश संपायचा, आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये लिपी नसेल तर नुसते रिकामे चौकोन. हाताने लिहिलेल्याला फॉन्ट लागत नाही. देवनागरी असो, मोडी असो की आजोबांचं फक्त आजीला लागणारं अक्षर. अशा पेनाची खरी गरज आपल्याला होती, युरोपातल्या हौशी लोकांना नव्हे. पण ते आपल्या हातात पडलंच नाही म्हणा.

आपल्याकडे विचार झाला तो पेनाने लिहून टाइप करण्याचा. बंगळुरूच्या एचपी लॅब्जने ‘जेश्चर कीबोर्ड’ बनवला. त्यात पाटीवर व्यंजनांची घरं असत, आणि ‘क’च्या घरावर पेनाने वेलांटी काढली की ‘की’ उमटे. बाराखडी ज्याच्या हातात बसलेली आहे त्याला हे लगेच कळावं. हात जसा फिरतो तसतसं अक्षर ओळखणाऱ्या यंत्रांना आपली शिरोरेषाही छळते, कारण शब्द लिहून झाल्यावर ती सगळ्यात शेवटी, सगळ्या अक्षरांवरून ओढली जाते. मोडीवाले आधी पानभर रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवायचे. यंत्राला ते बरं पडलं असतं. २०१५ मध्ये गूगलने ८२ भाषांसाठी बोटाने लिहिण्याचा कीबोर्ड दिला तोवर टाइप करणंही सोपं झालं होतं.

ठिपक्यांचं पेन मात्र मेलं नाही. जिथे फोटो पुरत नाही, रकान्यातला आकडा थेट नोंदवहीत जायला हवा, तिथे ते टिकलं: सर्वेक्षणांचे अर्ज, रुग्णालयातल्या नोंदी. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने तर २००८ च्या निवडणुकीत याच पेनाने मतपत्रिकेवर खूण करून घ्यायचं ठरवलं होतं. पण हे पेन फसवता येतं असं संगणक-सुरक्षेच्या जाणकारांनी आदल्या वर्षी दाखवलं, आणि बेत रद्द झाला. २००८ मध्येच अमेरिकेत लाइव्हस्क्राइबचं पल्स पेन आलं. ते लिहिताना आजूबाजूचा आवाजही टिपे, आणि नंतर वहीतल्या एखाद्या शब्दावर टोक टेकवलं की तो लिहीत असताना मास्तर काय बोलत होते ते ऐकवे. २०१५ मध्ये अनोटोने ही कंपनी विकत घेतली. कागदाची अडचण तिने थोडी सोडवली होती: ठिपक्यांची पानं घरच्या लेझर प्रिंटरवर छापता येत होती, फक्त प्रिंटर चांगला हवा.