ओहम वेगळे, डेसिबल वेगळे: चौघांत एक हेडफोन अँप करताना

‘३०० ओहमचा हेडफोन म्हणजे चालवायला जड, त्याला दणकट पॉवर लागणार.’ आमच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी हे म्हणालं आणि बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी डाग देऊन जोडता येईल असा हेडफोन अँप, म्हणजे हेडफोनसाठीचा अँप्लिफायर, चौघांनी मिळून करायचा आणि माणशी दीड हजारात बसवायचा, एवढंच तेव्हा ठरलं होतं. आम्ही ज्यांच्याकडून पीसीबी, म्हणजे सुटे भाग जोडायची छापील पाटी, करून घेणार होतो ते पाचपेक्षा कमी पाट्या घेत नव्हते. सुटे भागही दहाच्या भावात घेतले तर परवडतात. म्हणून चौघं एकत्र आलो. पण पहिली पाटी त्या एका वाक्यावर बेतली गेली आणि चौघांपैकी एकाला ती मुळीच उपयोगाची ठरली नाही.

गोंधळ आहे दोन आकड्यांचा. हेडफोनच्या खोक्यावर एक आकडा ओहममध्ये असतो, तो इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. दुसरा डेसिबलमध्ये असतो, ती संवेदनशीलता. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापतात आणि ‘हा हेडफोन चालवायला किती जड’ या एकाच प्रश्नाचं उत्तर म्हणून दोन्ही सर्रास वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांची कामं वेगळी आहेत. ठरावीक आवाजासाठी किती मिलिवॉट लागतील हे संवेदनशीलता सांगते. ते मिलिवॉट व्होल्टच्या रूपात जास्त मागितले जातील की करंटच्या रूपात, हे इम्पीडन्स सांगतो. संवेदनशीलता बिलाची रक्कम सांगते, इम्पीडन्स सांगतो की ती मोठ्या नोटांत द्यायची की चिल्लरमध्ये.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत मिळत आला आहे. बाहेरून तिन्ही भावंडं. फरक आतल्या कॉइलचा: तार जितकी बारीक आणि वेढे जितके जास्त, तितके ओहम वाढतात. संवेदनशीलता मात्र तिन्हींची ९६ डेसिबल, एका मिलिवॉटला. आता समजा, संगीतातली शिखरं ११० डेसिबलपर्यंत न फाटता जायला हवीत. ९६ पासून ११० म्हणजे १४ डेसिबल वर. दर दहा डेसिबलला पॉवर दहापट, या हिशोबाने १४ डेसिबलला साधारण २५ पट. म्हणजे तिन्हींना २५ मिलिवॉटच लागतात. ३२ ओहमवाला ते ०.९ व्होल्ट आणि २८ मिलिअँपमध्ये घेतो, ८० ओहमवाला १.४ व्होल्ट आणि १८ मिलिअँपमध्ये, आणि २५० ओहमवाला २.५ व्होल्ट आणि अवघ्या १० मिलिअँपमध्ये.

हे आकडे मी वहीत पहिल्यांदा मांडले तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो. ‘जड’ म्हणून ज्याची भीती घातली जाते तो २५० ओहमवाला करंटच्या बाबतीत तिघांत सगळ्यात हलका आहे. त्याला हवेत व्होल्ट. मोबाइलवर त्याचा आवाज बारीक येतो तो पॉवर कमी पडते म्हणून नाही. मोबाइलचा जॅक साधारण १ व्होल्ट किंवा त्याहून कमी देतो आणि तिथेच थांबतो, म्हणून. सिंहगडाचा चढ सायकलने चढणाऱ्याला हे लगेच पटेल. चढ तोच असतो. हलका गिअर टाकला तर पाय भराभर फिरवावे लागतात, जड टाकला तर सावकाश पण जोर लावून. गिअर म्हणजे ओहम, आणि चढ म्हणजे डेसिबलचा आकडा. गिअर बघून चढ ओळखता येत नाही.

११० डेसिबल हा आकडा ऐकण्यासाठी नाही, हे इथेच सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्यांसाठी ८० डेसिबल, तेही आठवड्याला ४० तास, अशी आहे. ११० हे तबल्याच्या एखाद्या थापेला, पखवाजाच्या एखाद्या ‘धा’ला मान वर काढता यावी म्हणून ठेवलेली मोकळी जागा आहे. बाकी वेळ अँप जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. सेनहायझर एचडी ६५० वर ८० डेसिबलने ऐकताना हेडफोनवर फक्त ७० मिलिव्होल्ट असतात. ‘एक वॉटचा अँप हवाच’ असं आमच्यातला एकजण बैठकीत सारखं म्हणत होता. त्याला हे मीटरवर दाखवलं, तेव्हा त्याचं समाधान झालं.

आता त्या सापळ्याकडे येतो, ज्यात मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ अडकलो. डेसिबलचा आकडाही एका जातीचा नसतो. कुणी एका मिलिवॉटला किती डेसिबल ते सांगतं, कुणी एका व्होल्टला किती ते. खोक्यावर बहुतेक वेळा नुसतं ‘डेसिबल’ छापतात आणि पुढचं गाळतात. एकेजीचा के७०१ घ्या: ६२ ओहम, १०५ डेसिबल. शेजारी २५० ओहमचा बायरडायनॅमिक, ९६ डेसिबल. वरवर पाहता एकेजी नऊ डेसिबलने पुढे. पण एकेजीचा आकडा व्होल्टचा आहे आणि बायरचा मिलिवॉटचा. ६२ ओहमवर १ व्होल्ट दिला की १६ मिलिवॉट जातात, म्हणजे १२ डेसिबलची भर आकड्यात आधीच धरलेली आहे. ती वजा केली की एकेजी मिलिवॉटमागे ९३ वर येतो, म्हणजे बायरच्या तीन डेसिबल खाली. उलट बायरचा आकडा व्होल्टमध्ये मांडला तर १०२ होतो. एकाच व्होल्टेजवर एकेजी तीन डेसिबलने मोठा वाजतो, आणि तेवढाच आवाज काढायला पॉवर मात्र दुप्पट खातो. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. इम्पीडन्स बाजूला ठेवला तर ती एकमेकांना खोटं पाडतात.

रूपांतर सोपं आहे. १००० ला ओहमने भागायचं, आलेल्या संख्येचा लॉग घेऊन त्याला दहाने गुणायचं, आणि ते मिलिवॉटच्या आकड्यात मिळवायचं. ३०० ओहमला ५.२ डेसिबल येतात, ३२ ला १५, १६ ला १८. आम्ही हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून टेबलाच्या वरच्या भिंतीवर चिकटवले होते.

पहिल्या पाटीचं काय झालं ते आता सांगतो. ३०० ओहमचा हेडफोन डोळ्यांसमोर ठेवला होता, म्हणून सगळं लक्ष व्होल्टकडे गेलं. प्लस-मायनस १२ व्होल्टचा सप्लाय घेतला आणि आउटपुटला थेट एनई५५३२. हा ऑपअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळतो, स्वस्त आहे, आणि ऑडिओमध्ये कित्येक दशकं नावाजलेला आहे. ३०० ओहमच्या हेडफोनवर पाटी सुरेख वाजली. मग दुसऱ्या मित्राने त्याचा प्लॅनर, म्हणजे चपट्या पडद्याचा हेडफोन, लावला, ३५ ओहमचा, मिलिवॉटला ९० डेसिबल. ‘३५ ओहम म्हणजे हलकाच की’ असं म्हणतच लावला. विलंबित तालाचं रेकॉर्डिंग होतं. डग्ग्यावर जोराची थाप पडली की आवाज कापडासारखा फाटायचा. आधी वाटलं, कुठेतरी डाग कच्चा राहिलाय. दोनदा सगळे डाग पुन्हा दिले.

दोष डागांत नव्हता, हिशोबात होता. ९० पासून ११० म्हणजे २० डेसिबल, म्हणजे १०० मिलिवॉट. ३५ ओहमवर त्याचे होतात १.९ व्होल्ट आणि ५३ मिलिअँप, आणि लहरीच्या माथ्याला ७५ मिलिअँप. एनई५५३२ साधारण ३८ मिलिअँपला हात टेकतो. तोच ११० डेसिबलचा आवाज एचडी ६५० ला, म्हणजे व्होल्टमागे १०३ डेसिबलच्या, ३०० ओहमच्या हेडफोनला, २.२ व्होल्ट आणि साडेसात मिलिअँपमध्ये मिळतो. करंट सातपट कमी. पॉवर १७ मिलिवॉट, म्हणजे सहापट कमी. ज्याला जड म्हणत होतो तो हलका निघाला, आणि ज्याला हलका समजत होतो त्याच्यापुढे पाटीने मान टाकली.

मग टेबलावर हे डोळ्यांनी बघून घेतलं. हेडफोन काढून त्याच्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर लावला, मोबाइलवरून साइन लहर सोडली, लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब टोकाला धरला आणि आवाज हळूहळू चढवत नेला. सव्वा व्होल्टाच्या आसपास लहरीचे माथे सपाट झाले, कुणी वरून पट्टी ठेवून कापल्यासारखे. रेझिस्टर बदलून ३३० ओहमचा लावला तर तीच पाटी, तोच सप्लाय, आणि लहर आठ व्होल्टांच्या पुढेही गोलच्या गोल. ज्याला कुणाला हे दोन आकडे वेगळे करून समजून घ्यायचे आहेत त्याने हा प्रयोग एकदा करावाच. दोन रेझिस्टर लागतात आणि दहा मिनिटं.

या क्षेत्रातले दोन गाजलेले स्वस्त आराखडे या नजरेने बघितले की त्यांची घडण लगेच कळते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेला च्यू मॉय यांचा सीमॉय ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतो आणि लोक तो गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. बॅटरी मधोमध वाटली की हातात उरतात साडेचार व्होल्ट एका बाजूला, आणि ऑपअँपला लागणारी जागा सोडली की कामाचे जेमतेम २ व्होल्ट. ३०० ओहमला ते काठावर पुरतात. आमच्या प्लॅनरला आधी करंट कमी पडेल. २०११ सालचा ओ२ एका टोपणनावाच्या इंजिनिअरने मांडला. त्यात गेन देणारा, म्हणजे सिग्नल काही पट मोठा करणारा, ऑपअँप वेगळा आहे आणि हेडफोनला करंट पुरवणारा वेगळा. हे दुसरं काम एनजेएम४५५६ करतो, ज्याचा प्रत्येक भाग ७० मिलिअँप देऊ शकतो. एका कानासाठी असे दोन भाग प्रत्येकी १ ओहमचा रेझिस्टर लावून जोडले आहेत. व्होल्टची काळजी एका ठिकाणी, करंटची दुसऱ्या ठिकाणी. माझ्या मते शिकायला सीमॉय उत्तम आहे. पण चार जणांचे चार वेगळे हेडफोन असतील तर विचार ओ२ चाच घ्यावा. आम्ही दुसऱ्या पाटीला तोच घेतला.

संवेदनशीलतेची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे आमचं फार उशिरा लक्ष गेलं. चौथ्या मित्राकडे कानात घालायचे इअरफोन आहेत, १६ ओहमचे, मिलिवॉटला ११० डेसिबल. व्होल्टमध्ये ते १२८ होतात. अँपची स्वतःची खरखर १० मायक्रोव्होल्ट धरली, तर ती या इअरफोनमध्ये २८ डेसिबलने ऐकू येते. रात्री शांत खोलीत ‘सूं’ असा आवाज स्पष्ट येतो. तीच खरखर एचडी ६५० मध्ये ३ डेसिबलवर असते, म्हणजे ऐकूच येत नाही. गेन वाढवला की खरखरही वाढते, म्हणून तो गरजेपेक्षा जास्त ठेवू नये. ओ२ मध्ये अडीचपट आणि साडेसहापट असे दोन गेन आहेत. आम्ही वरचा अडीचवर आणला आणि खालचा एकपटच ठेवला. इअरफोनवाल्या मित्राने त्याच रात्री फोन करून सांगितलं, की तानपुऱ्याच्या मागे आता काहीच ऐकू येत नाही.

इम्पीडन्सचंही असं एक एकट्याचं काम आहे, ते अँपच्या आउटपुट इम्पीडन्सशी, म्हणजे अँपच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याशी, मिळून चालतं. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा असला, तरी खालच्या सुरांजवळ त्याचा इम्पीडन्स ५०० च्या घरात जातो. जुन्या उपकरणांत असतो तसा १२० ओहमचा आउटपुट इम्पीडन्स त्याच्यासमोर आला, तर बास साधारण एक डेसिबलने फुगतो. काहींना ते आवडतं, आणि त्यात काही चूक नाही. आमच्या दुसऱ्या पाटीचा आउटपुट इम्पीडन्स अर्धा ओहम आहे, त्यामुळे हा प्रश्न उरला नाही.

हायफायमॅनच्या एचई-६ सारखा ५० ओहमचा, मिलिवॉटला ८३.५ डेसिबलचा प्लॅनर मात्र आम्ही यादीतून सरळ वगळला. त्याला ११० डेसिबलसाठी जवळपास ४५० मिलिवॉट लागतात, म्हणजे पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिअँप. हिशोबात ते कसंबसं बसत होतं, पण ऑपअँप तापून राहिला असता आणि उरलेल्या तिघांनी ज्याची गरज नाही त्याचे पैसे भरले असते.

तिसऱ्या खेपेला पीसीबी मागवताना पाटीच्या मागच्या बाजूला एक छोटा तक्ता छापून घेतला आहे. चौघांच्या हेडफोनचे ओहम, मिलिवॉटला डेसिबल, व्होल्टला डेसिबल, आणि ११० डेसिबलला लागणारे व्होल्ट व मिलिअँप. खाली एक ओळ रिकामी सोडली आहे, पाचवी पाटी जो घेईल त्याच्यासाठी.